वंध्यत्व आणि रोगप्रतिकारशक्ती

परक्या जंतूला ओळखणे आणि त्याचा नाश करणे, हे रोगप्रतिकारशक्तीचे काम आहे. गर्भाची निम्मी गुणसूत्रे पित्याकडून आलेली असतात. म्हणजे मातेच्या शरीराच्या दृष्टीने तो निम्मा परकाच. तरीही तो तिच्या पोटात नऊ महिने सुखरूप वाढतो. हे कसे घडते, हा प्रश्न ब्रिटिश शास्त्रज्ञ पीटर मेदावर यांनी १९५३ मध्ये मांडला. त्याचे उत्तर शोधताना स्त्रीच्या प्रजननक्षमतेतील प्रतिकारशक्तीचा वाटा हळूहळू स्पष्ट होत गेला.

गर्भ रुजतो तेव्हा गर्भाशयाच्या अस्तरात 'नॅचरल किलर' या पांढऱ्या पेशी मोठ्या संख्येने असतात. नाव मारक असले तरी येथे त्यांचे काम पोषक असते. वारेला पुरेसे रक्त मिळावे म्हणून रक्तवाहिन्या रुंद होण्यास त्या मदत करतात. 'रेग्युलेटरी टी' पेशी प्रतिकारशक्तीचा हल्ला आवरून धरतात. या पेशींच्या संशोधनाबद्दल शिमोन साकागुची, मेरी ब्रन्को व फ्रेड रॅम्सडेल यांना २०२५ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

हा समतोल बिघडल्याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण म्हणजे 'अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोम'. यात शरीर स्वतःविरुद्धच प्रतिपिंडे तयार करते. त्यामुळे रक्तात गुठळ्या होतात, वारेचे कार्य बिघडते आणि वारंवार गर्भपात होतो. हा विकार उपचारसाध्य आहे. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील एका चाचणीत अशा ९० स्त्रियांचा समावेश होता. केवळ अ‍ॅस्पिरिन घेणाऱ्यांपैकी ४२ टक्के स्त्रियांना मूल झाले. अ‍ॅस्पिरिनसोबत हेपारिन घेणाऱ्यांत हे प्रमाण ७१ टक्के होते.

भारतात जननेंद्रियांचा क्षयरोग हेही वंध्यत्वाचे महत्त्वाचे कारण आहे. जंतूंशी झुंजताना होणाऱ्या दाहामुळे गर्भनलिकांवर व्रण पडतात आणि त्या बंद होतात. खोकला किंवा इतर लक्षणे नसतानाही हा आजार आत दडलेला असू शकतो. क्षयरोगावरील उपचार सरकारी रुग्णालयांत मोफत मिळतात. मात्र व्रण पडण्यापूर्वी निदान होणे महत्त्वाचे असते.

प्रतिपिंडे बीजकोशावरही हल्ला करू शकतात. मुंबईत परळ येथील राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेत डॉ. वृंदा खोले व त्यांच्या सहकाऱ्यांनी या विषयावर काम केले. अल्ब्युमिन या प्रथिनाविरुद्ध नैसर्गिकरीत्या आढळणाऱ्या प्रतिपिंडांमुळे अशा तपासणीचा निकाल चुकून सकारात्मक येऊ शकतो, हे त्यांनी २००६ मध्ये दाखवले. पुढे २००९ मध्ये, बीजकोशाविरुद्धच्या प्रतिपिंडांचे 'एचएसपी ९०-बीटा' हे प्रथिन एक लक्ष्य असल्याचे त्यांनी मांडले. प्रतिपिंडे सापडली म्हणजे कारण सापडले, असे समजता येत नाही, हा या कामाचा बोध आहे.

उपचारांबाबतही तोच सावधपणा हवा. वारंवार गर्भपात होणाऱ्या स्त्रियांना पतीच्या पांढऱ्या पेशी टोचण्याची पद्धत एकेकाळी रूढ होती. १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तिचा लाभ दिसला नाही. उलट गर्भधारणा झालेल्यांत यशाचे प्रमाण कमीच आढळले. थायरॉइडचे कार्य सुरळीत असताना केवळ प्रतिपिंडे आढळली म्हणून थायरॉक्सिन दिल्याने फायदा होत नाही, असे २०१९ मधील ब्रिटनच्या मोठ्या चाचणीत दिसून आले. रक्तातील 'नॅचरल किलर' पेशींची मोजणी गर्भाशयातील स्थितीविषयी फारसे सांगत नाही.

जालना जिल्ह्यातील मंठा तालुक्यासारख्या भागातून उपचारांसाठी मोठ्या शहरात जाणाऱ्या दाम्पत्याला प्रत्येक फेरी खर्चाची पडते. म्हणूनच तपासण्यांचा क्रम महत्त्वाचा. पतीची वीर्यतपासणी सुरुवातीलाच व्हावी, कारण दोष अनेकदा पुरुषातही असतो. त्याबरोबरच पत्नीचे बीजोत्सर्जन, गर्भनलिका व थायरॉइड यांची तपासणी करावी. दोन किंवा अधिक गर्भपात झाले असल्यास अँटिफॉस्फोलिपिड प्रतिपिंडांची तपासणी करावी. ती सकारात्मक आली, तर किमान १२ आठवड्यांनी पुन्हा करावी लागते, कारण साध्या संसर्गानेही ही प्रतिपिंडे तात्पुरती वाढतात. दुसऱ्या फेरीचा खर्च नको म्हणून ही तपासणी टाळली, तर नको असलेली औषधे घेतली जाण्याचा किंवा हवे असलेले उपचार चुकण्याचा धोका राहतो.