शुद्धीवर येण्याचा इतिहास

भूल म्हटलं की आपल्याला आठवतं ते झोपवणं. १६ ऑक्टोबर १८४६ ला बोस्टनमध्ये मॉर्टन यांनी ईथर दिलं, पुढच्या वर्षी एडिनबरोत सिम्प्सन यांनी क्लोरोफॉर्म आणलं. गोष्ट बहुधा इथेच संपते. पण झोपवलेला माणूस शुद्धीवर येईपर्यंत त्याला निजवायचं कसं, यालाही इतिहास आहे. आज आपण तो पाहू.

नाशिकमध्ये हा विषय घ्यायला कारण आहे. १९९८ मध्ये स्थापन झालेलं महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ आपल्याच गावात आहे. राज्यभरच्या डॉक्टरांच्या आणि परिचारिकांच्या परीक्षा इथून घेतल्या जातात.

२८ जानेवारी १८४८. इंग्लंडमध्ये न्यूकॅसलजवळ हॅना ग्रीनर ही १५ वर्षांची मुलगी. पायाच्या बोटाचं नख काढायचं, म्हणून क्लोरोफॉर्म दिलं. ती एकदम पांढरी पडली. घाबरून तिच्या तोंडावर पाणी मारलं, तोंडात ब्रँडी घातली. काही मिनिटांत ती गेली. सिम्प्सन म्हणाले, तिचा जीव पाण्याने आणि ब्रँडीने गुदमरला. जॉन स्नो म्हणाले, क्लोरोफॉर्मने हृदय थांबलं. वाद मिटला नाही; पण बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही घालणं धोक्याचं, हा धडा त्यात होताच.

असं का? बेशुद्धीत स्नायू सैल पडतात. माणूस उताणा असेल तर जीभ मागे पडून श्वासाची वाट अडते. उलटी झाली तर ती फुप्फुसात उतरते, कारण ठसका लागत नाही. कुशीवर वळवलं की जीभ पुढे येते, तोंडातलं बाहेर वाहतं. रॉबर्ट बोल्स हे इंग्रज डॉक्टर १८९१ च्या पुस्तकात हेच सांगत होते: बेशुद्ध माणसाला कुशीवर ठेवा.

आता आपल्याकडे या. १२ जानेवारी १९२४ ला पुण्याच्या ससून रुग्णालयात कर्नल मॅडॉक यांनी गांधीजींचं अपेंडिक्स काढलं. क्लोरोफॉर्म दिलेलं, मध्येच वीज गेली, आणि काम कंदिलाच्या उजेडात पुरं झालं. ही गोष्ट आपण रंगवून सांगतो. त्यानंतर उशाशी कोण बसलं, श्वासावर नजर कोणाची होती, हे मात्र कोणी विचारत नाही. इतिहासात शस्त्रक्रियेचं नाव राहतं, राखणीचं राहत नाही.

राखणीसाठी वेगळी खोली हवी, हे फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८६३ मध्येच लिहिलं होतं. तशा खोल्या सर्रास झाल्या त्या दुसऱ्या महायुद्धानंतर. तिथे आज काय करतात? पूर्ण शुद्ध नसेल तर कुशीवर, हनुवटी वर. नीट जागा झाला, रक्तदाब ठीक असला की डोक्याकडची बाजू उंच. थंडी वाजते म्हणून पांघरूण. हात अंगाखाली दबलेला नाही ना, हेही बघतात. कारण हाताला मुंग्या आल्या हे त्याला सांगता येत नाही.

आणि आपण नातेवाईक? पेशंटने डोळे उघडले रे उघडले की "घसा सुकलाय हो, दोन घोट पाणी पाजा." यात माया असते, शंका नाही. हॅनाच्या तोंडात ब्रँडी घालणाऱ्याच्या मनातही तीच होती. म्हणून सिस्टर "अजून नको" म्हणाल्या की आपण वाद घालू नये. ओठ ओल्या कापसाने पुसायचे का, एवढं विचारावं आणि शेजारी बसावं.