फोनमधला कारभारी कोणाचा?

दौंड तालुक्यातील राहूच्या परिसरात गुऱ्हाळावर गेले, की उकळत्या रसात काय पडते ते डोळ्यांनी पाहता येते. पाकीटबंद गूळ मात्र विश्वासानेच घ्यावा लागतो. फोनचा सारा कारभार पाहणाऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमचेही तसेच आहे.

आज्ञावली सर्वांना वाचता आणि बदलता यावी, या आग्रहातून रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये 'जीएनयू' प्रकल्प जाहीर केला. १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी लिनक्सचा गाभा लिहिला. याच गाभ्यावर उभी असलेली अँड्रॉइड २००८ मध्ये फोनमध्ये आली. तिचा पाया खुला आहे. पण बहुतेक फोनांत त्यावर गूगलच्या बंदिस्त सेवा असतात आणि आपली बरीच माहिती त्यांच्या वाटे बाहेर जाते.

म्हणून काहींनी तोच पाया घेऊन वेगळ्या प्रणाली रचल्या. २००९ मध्ये सुरू झालेली सायनोजेनमॉड २०१६ अखेर बंद पडली. तिच्यातून लिनिएज ओएस निघाली. ग्राफीन ओएसने गूगलचेच पिक्सेल फोन निवडले. कारण साधे आहे: नवी प्रणाली घालण्यासाठी फोनचे अंतर्गत कुलूप उघडावे लागते, आणि पिक्सेलमध्ये ते पुन्हा लावता येते. लिनिएज घातलेल्या बहुतेक फोनांत ते उघडेच राहते. फोन चोराच्या हाती लागला तर धोका वाढतो. शिवाय बँकांची काही ॲप अशा प्रणालींवर चालत नाहीत.

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. तो जपायला प्रणाली बदलण्यापूर्वी दोन प्रश्न विचारावेत: कुलूप पुन्हा लागते का? सुरक्षेच्या दुरुस्त्या किती वर्षे मिळतील?