उन्हाने तापणारे पोहण्याचे हौद



थंडीच्या दिवसांत तान्ह्या मुलाला न्हाऊ घालण्यासाठी पाण्याचे घंगाळ उन्हात ठेवण्याची चाल आपल्याकडे जुनी आहे. परंतु घंगाळाच्या जागी पाऊण लाख लिटर पाण्याचा हौद असेल तर? अमेरिकेत, विशेषतः कॅलिफोर्निया व फ्लॉरिडा या प्रांतांत, परसात पोहण्याचा हौद असणे ही नवलाची गोष्ट नाही. आणि त्यांतील पुष्कळ हौद उन्हानेच तापवले जातात. ही विद्या माणसाच्या हाती कशी आली, मध्यंतरी कशी सुटली आणि पुन्हा कशी गवसली, ते आज सांगावयाचे आहे.

१७६७ साली जिनिव्हा येथील शास्त्रज्ञ सोस्यूर याने काचेचे अनेक पडदे असलेली पेटी उन्हात ठेवली, आणि पुढील प्रयोगांत आतील उष्णतामान उकळत्या पाण्याच्याही वर गेले. काच प्रकाशाला आत येऊ देते, परंतु उष्णतेला सहजी बाहेर जाऊ देत नाही, हे तत्त्व त्यातून उघड झाले. पुढे आपल्या मुंबईतही, कुलाब्यास, विल्यम ॲडम्स या इंग्रज अधिकाऱ्याने आरशांनी ऊन एकवटून वाफेचे लहान इंजिन चालवले आणि १८७८ साली त्या विषयावर पुस्तक प्रसिद्ध केले. त्या काळच्या संशोधकांची दृष्टी अशी प्रखर उष्णतेकडे होती.

घरगुती उपयोगाची वाट बाल्टिमोरच्या क्लॅरन्स केंप याने दाखवली. काळ्या रंगाच्या लोखंडी टाक्या काचेच्या झाकणाच्या पेटीत बसवून त्याने १८९१ साली आपल्या जलतापकाचे पेटंट घेतले. कॅलिफोर्नियात कोळसा महाग आणि ऊन मुबलक. तेथे हे यंत्र हातोहात खपले. त्यात उणीव एकच होती. रात्री टाकीतले पाणी निवून जाई. १९०९ साली विल्यम बेली याने तापणाऱ्या नळ्या छपरावर ठेवल्या आणि साठ्याची टाकी आच्छादने घालून घरात घेतली. पाणी दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ऊन राहू लागले.

इतकी सोय होऊनही ही विद्या टिकली नाही. १९२० नंतर लॉस एंजेलिसच्या आसपास नैसर्गिक वायूचे मोठे साठे सापडले, वायू स्वस्त झाला आणि बेलीची कंपनी स्वतःच वायूचे तापक विकू लागली. फ्लॉरिडात मायामी शहरी १९४१ च्या सुमारास निम्म्याहून अधिक लोक उन्हाने तापलेले पाणी वापरीत. परंतु महायुद्धात तांब्यावर निर्बंध आले, पुढे वीज स्वस्त झाली आणि तेथेही छपरे ओस पडली.

या विद्येला पुन्हा ऊर्जितावस्था आली, तिचे एक मोठे श्रेय पोहण्याच्या हौदाला आहे. पोहण्यासाठी पाणी सुमारे २७ अंश असले म्हणजे पुरते. इतक्या सौम्य उष्णतेसाठी तापणारी नळी भोवतालच्या हवेहून फारशी ऊन होत नाही. म्हणून तिची उष्णताही थोडीच वाया जाते. मग काच कशाला हवी आणि तांबे तरी कशाला? साठ्याची टाकीही नको, कारण हौद हीच टाकी! पाणी गाळण्यासाठी बसवलेला पंपच ते छपरावर चढवतो. हे ओळखून १९७० च्या सुमारास कॅलिफोर्नियात फ्रीमन फोर्ड यांनी काळ्या प्लॅस्टिकचे स्वस्त तापक बनवण्यास आरंभ केला. १९७३ साली खनिज तेलाचे भाव कडाडले, तेव्हा लोकांना या साधेपणाचे मोल कळले.

आता थोडे गणित करू. दहा मीटर लांब, पाच मीटर रुंद व सरासरी दीड मीटर खोल हौदात ७५,००० लिटर पाणी मावते. ते पाच अंशांनी तापवण्यास सुमारे ४३५ युनिट विजेइतकी उष्णता लागते. म्हणूनच छपरावरील तापकाचे क्षेत्रफळ हौदाच्या पृष्ठभागाच्या निम्म्यापासून बरोबरीपर्यंत ठेवतात. पण मिळवलेली उष्णता जाते कोठे? बहुतांशी वाफेवाटे. एक लिटर पाणी वाफ होऊन गेले, तर मागे राहिलेले सुमारे ५८० लिटर पाणी एक अंशाने निवते. यास्तव रात्री हौदावर प्लॅस्टिकची चादर पसरण्यासारखा सोपा उपाय नाही. मिळकतीइतकीच बचतही महत्त्वाची, हे आपल्या घरोघरच्या गृहिणींना सांगावयास नकोच.

आपल्या देशात पोहण्याचा खाजगी हौद फार थोड्यांच्या दारी असतो, हे खरे. परंतु या कथेचा बोध हौदापुरता नाही. कॅलिफोर्नियात वा फ्लॉरिडात ऊन एक दिवसही महाग झाले नव्हते. दुसरे इंधन स्वस्त होताच ज्ञात असलेली युक्ती लोकांनी टाकून दिली, आणि पुढच्या पिढीला ती नव्याने शोधावी लागली. इंधन स्वस्त असते त्या काळातही अशी विद्या जपून ठेवणे हेच शहाणपणाचे.