गावाचं नाव : ५ झेड

फोनवर नकाशा उघडा आणि राजस्थानच्या अगदी वरच्या टोकाला या. पश्चिमेला पाकिस्तानची हद्द, उत्तरेला पंजाब. श्रीगंगानगर जिल्हा. उपग्रहाचं चित्र लावलं, की तिथे पिवळी वाळू दिसेल असं वाटतं. दिसतात ते हिरवे चौकोन. चौकटीच्या वहीचं पान कुणीतरी वाळवंटावर पसरून ठेवावं तसे.

अजून जवळ गेलात की गावांची नावं दिसू लागतात. ५ झेड. ६ एलएनपी. ३ ई छोटी.

ही सांकेतिक भाषा नाही, गावांची खरी नावं आहेत. शाळेच्या पाटीवर हीच असतात, लग्नपत्रिकेवर हीच असतात. आपल्याकडे वडावरून वडगाव होतं, पिंपळावरून पिंपळगाव. इथे गाव वसलं तेव्हा नाव द्यायला झाडच नव्हतं. होता तो फक्त कालवा. म्हणून अक्षरं कालव्याच्या शाखेची आणि आकडा त्या शाखेवरच्या 'चका'चा. चक म्हणजे एका ठरावीक तोंडातून पाणी मिळणारा जमिनीचा तुकडा. आधी पाणी ठरलं, मग जमीन मोजली आणि सगळ्यात शेवटी माणसं आली.

या जिल्ह्यात २०११च्या जनगणनेनुसार जवळपास चौथा हिस्सा लोकवस्ती शिखांची आहे. वाळवंट म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे उंट येतो आणि शीख शेतकरी म्हटलं की पंजाबची हिरवी शेतं येतात. हे दोन्ही एकाच बांधावर कसे आले, त्याचीच ही गोष्ट.

लपायची जागा

शिखांची या वाळूशी ओळख कालव्यामुळे झाली नाही. ती त्याच्या दोनशे वर्षं आधीची आहे.

अठराव्या शतकात लाहोरचा मुघल सुभेदार झकेरिया खान शिखांच्या मागे हात धुऊन लागला होता. तेव्हा त्यांच्यापुढे लपायला तीनच प्रकारच्या जागा होत्या : डोंगर, दाट जंगलं आणि बिकानेरचं वाळवंट. वाळवंट सुरक्षित होतं, कारण तिथे पाणी नव्हतं. पाठलाग करणाऱ्या फौजेला घोड्यांसाठी पाणी लागतं. विहिरी आणि तळी कुठे आहेत हे ज्याला ठाऊक, तोच तिथे टिकायचा.

१७४०मध्ये मस्सा रंगड नावाच्या अधिकाऱ्याने अमृतसरचं हरिमंदिर ताब्यात घेऊन तिथे नाचगाण्याचा अड्डा केला. ही बातमी वाळवंटातल्या शिखांपर्यंत पोचली. मेहताब सिंग आणि सुक्खा सिंग हे दोघे घोड्यावरून अमृतसरला गेले, मस्साचं डोकं उडवलं आणि ते घेऊन वाळवंटात परतले. ज्या तळ्याकाठी ते परतले त्या बुढ्ढा जोहडला आज मोठा गुरुद्वारा आहे. तो याच गंगानगर जिल्ह्यात येतो. 'जोहड' म्हणजे पावसाचं पाणी साठवणारं तळं. या भागातल्या शिखांचं पहिलं मोठं स्मृतिस्थळ एका तळ्याच्या नावाने ओळखलं जातं, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

छप्पनचा दुष्काळ

पुढची तारीख दुष्काळाची. विक्रम संवत १९५६, म्हणजे १८९९-१९००. राजस्थानात त्याला 'छप्पनिया' म्हणतात. आपल्याकडे जसं 'बहात्तरचा दुष्काळ' एवढं म्हटलं की पुढचं सांगावं लागत नाही, तसंच. बिकानेर संस्थानचे राजे गंगासिंग तेव्हा विशीच्याही आतले होते. राज्यकारभाराचे पूर्ण अधिकार हाती येऊन जेमतेम वर्ष झालं होतं आणि प्रजा व गुरं डोळ्यांदेखत मरत होती.

सतलज नदीचं पाणी बिकानेरच्या वाळूत आणायचं, हा ध्यास त्यांनी पुढे सोडला नाही. अडचण साधी होती : नदी त्यांच्या राज्यातून वाहत नव्हती. ४ सप्टेंबर १९२० रोजी पंजाब, बहावलपूर आणि बिकानेर यांच्यात पाणीवाटपाचा करार झाला. ५ डिसेंबर १९२५ला फिरोजपूरला कालव्याची कोनशिला बसली आणि २६ ऑक्टोबर १९२७ रोजी व्हाइसरॉय आयर्विन यांच्या हस्ते पाणी सुटलं. वाळूने पाणी पिऊ नये म्हणून मुख्य कालव्याला चुन्याच्या काँक्रीटचं अस्तर केलं होतं. त्या काळी एवढं लांब अस्तर ही नवलाची गोष्ट होती. हाच गंग कालवा.

पाणी आलं, पण कालव्याच्या पाण्यावर शेती करणारे हात तिथे कमी होते. वर्षाला जेमतेम २००-२५० मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या त्या भागात लोक बाजरी, मोठ, गवार अशी पावसावरची पिकं घेत आणि गुरं राखत. संस्थानाने कालव्याखालची जमीन विकायला काढली. पंजाबातल्या शेतकऱ्यांना कालव्याची सवय होती. तिकडची थोडी जमीन मोडून इकडे जास्त घेता येत होती. शीख कुटुंबं आली, त्यांच्यासोबत इतर जाटही आले. रामनगर नावाच्या वस्तीचं श्रीगंगानगर झालं.

या गोष्टीला दुसरीही बाजू आहे. संस्थानाच्या कागदावर जी जमीन 'पडीक' होती, ती कुणाचं तरी चराऊ रान होती. उंट, गाई, मेंढ्या घेऊन फिरणाऱ्यांच्या वाटांवर चौकोन आखले गेले. पाण्याने वाळवंट हिरवं झालं खरं, पण हिरवं झाल्यावर ते सगळ्यांचं राहिलं नाही.

मिनिटांचा सातबारा

तो चौकोन म्हणजे 'मुरब्बा'. बाजू ८२५ फूट. त्यात पाच ओळींत पाच असे २५ छोटे चौकोन, प्रत्येक १६५ बाय १६५ फुटांचा. तो इथला बिघा. इथला शेतकरी जमीन सांगताना एकर सांगत नाही, किती मुरब्बे ते सांगतो.

पण नुसत्या मुरब्ब्याला किंमत नाही. त्याच्या जोडीला वेळ लागते.

कालव्याच्या शाखेतून चकाला पाणी देणारं तोंड म्हणजे 'मोगा'. मोग्यातून निघणारी शेतचारी म्हणजे 'खाला'. आणि त्या खाल्याचं पाणी घड्याळावर वाटून घ्यायची रीत म्हणजे 'वारबंदी'. आपल्याकडच्या कालव्यांवर जिला शेजपाळी म्हणतात, तिची ही कडक बहीण.

हिशेब असा. आठवड्यात १६८ तास असतात, म्हणजे १०,०८० मिनिटं. मोग्याखालच्या सगळ्या जमिनीत ही मिनिटं वाटायची. समजा हजार बिघे असतील, तर बिघ्याला साधारण दहा मिनिटं आणि एका मुरब्ब्याला चार तासांहून थोडी जास्त. तुमची पाळी मंगळवारी पहाटे १ वाजून ४० मिनिटांनी असेल, तर ती दर मंगळवारी तेव्हाच. डिसेंबरच्या धुक्यात, पारा शून्याजवळ असतानाही तेव्हाच. घरात लग्न असो की मयत, पाणी थांबत नाही. कालव्यात पाणी नसताना तुमची पाळी येऊन गेली, तर ती गेली. भरपाई नाही.

यातही बारकावे आहेत. वरच्या शेतकऱ्याचं पाणी बंद झालं की तुमच्या शेतापर्यंतचा खाला कोरडा असतो. तो भरायला लागणारी मिनिटं तुमच्या हिशेबात वाढवून मिळतात, त्याला 'भराई' म्हणतात. शेवटच्या शेतकऱ्याची पाळी संपली तरी खाल्यात उरलेलं पाणी त्याच्याच शेतात ओघळतं. तेवढी मिनिटं त्याच्यातून कापतात, ती 'झराई'. आणि कुणाच्याच नशिबी कायमची रात्र येऊ नये म्हणून वर्षातून एकदा सगळ्या पाळ्या बारा तासांनी सरकवायची रीत वारबंदीत आहे.

लिहायला-वाचायला न शिकलेल्या माणसालाही इथे घड्याळ वाचावंच लागलं. आणि पाच मिनिटं आधी पाणी फोडल्यावरून भावाभावांत फावडी उठली, कोर्टकज्जे झाले. ज्याला पाणी विपुल आहे, त्याला मिनिटावरून भांडण होऊ शकतं हे पटणार नाही. मराठवाड्यात टँकरच्या रांगेत उभं राहिलेल्या माणसाला लगेच पटेल.

पंगत आणि पाळी

सपाट मुलखात दुरूनही दिसतो तो गुरुद्वाऱ्याचा निशाण साहिब, उंच काठीवरचा झेंडा. पहाटे भोंग्यावरून पाठ ऐकू येतो. बाजूला पंजाबी बोललं जातं, बाजूलाच बागडी. जाट, बिश्नोई, मेघवाळ, शीख अशी वस्ती एकाच खाल्यावर. तीन-चार पिढ्या शेजारी काढल्यावर एकमेकांच्या बोलीत शिव्या देता येतात आणि सोयरसुतकही पाळता येतं.

गुरुद्वाऱ्यात लंगर असतो. जेवायला सगळे एका ओळीत जमिनीवर बसतात. त्या ओळीला तिकडेही 'पंगत'च म्हणतात. पंगतीत मुरब्बे मोजत नाहीत. दहा मुरब्ब्यांचा धनी आणि त्याच्याकडे राबणारा एकाच सतरंजीवर बसतात, एकाच बादलीतली डाळ खातात. शीख पंथाने ही गोष्ट पाचशे वर्षं जपली आहे, आणि ती लहान नाही.

पण पंगत उठली की खाला सुरू होतो. खाल्याचा नियम वेगळा आहे : मिनिटं माणशी नाहीत, बिघ्याला आहेत. ज्याच्या नावावर जमीन नाही, त्याच्या वाट्याला एकही मिनिट नाही. शेती करायला जी कुटुंबं आली त्यांच्यामागे राबणारी माणसंही आली. त्यांत मजहबी शीख होते, म्हणजे दलित शीख. थंडीत पहाटे दोन वाजता दुसऱ्याच्या पाळीचं पाणी वळवायला फावडं घेऊन पुष्कळदा हाच माणूस उभा असतो. १०,०८० मिनिटांच्या त्या काटेकोर वाटपात त्याचं नाव कुठेच नसतं. न्याय मिनिटापर्यंत मोजता येतो आणि तरीही अपुरा पडू शकतो, हे या गावात दर आठवड्याला दिसतं.

एका रेघेचा प्रश्न

१९४७च्या ऑगस्टमध्ये या सगळ्या चकांचं भवितव्य एका रेघेवर लटकलं होतं. शेतं बिकानेरात होती, पण कालव्याचं मुख फिरोजपूरला. रॅडक्लिफ यांच्या ८ ऑगस्टच्या आराखड्यात फिरोजपूरचा तो भाग पाकिस्तानकडे होता. मुख तिकडे गेलं असतं, तर इकडच्या मिनिटांना अर्थ उरला नसता.

बिकानेरचे महाराजा तेव्हा सादुलसिंग होते. त्यांनी दिवाण के. एम. पणिक्कर आणि मुख्य अभियंता कँवर सेन यांना दिल्लीला धाडलं. मुख पाकिस्तानात गेलं तर बिकानेरलाही पाकिस्तानात जाण्याचा विचार करावा लागेल, असं माउंटबॅटनना सांगण्यात आल्याचं कँवर सेन यांनी आपल्या आठवणींत लिहिलं आहे. १७ ऑगस्टला निवाडा जाहीर झाला तेव्हा फिरोजपूर भारतात होतं. रेघ नेमकी का सरकली, यावर इतिहासकार आजही वाद घालतात. चकातल्या माणसाला मात्र एवढंच कळलं, की खाल्यात पाणी आलं.

सीमेपलीकडून उखडलेली शीख आणि हिंदू कुटुंबं त्यानंतर याच चकांच्या आसऱ्याला आली. दोनशे वर्षांनी ही वाळू पुन्हा एकदा आश्रयाची जागा झाली, पण या वेळी तिथे पाणी होतं म्हणून.

वरचे आणि खालचे

कालवा आपल्याला मुखापासून शेतापर्यंत वाहताना दिसतो. शेतकऱ्याला तो उलटा दिसतो : आपल्या वर किती जण आहेत, असा. 'टेल' हा शब्द आपल्याकडच्या कालव्यांवरही आहे आणि टेलच्या शेतकऱ्याचं रडगाणंही सगळीकडे एकच आहे.

ऑक्टोबर २००४मध्ये घडसाणा आणि रावला भागात, गंग कालव्याच्या नव्हे तर नंतर आलेल्या इंदिरा गांधी कालव्याच्या पट्ट्यात, शेतकरी रस्त्यावर उतरले. मागणी होती पाण्याची, तीही आकड्यात : हजार एकरांमागे ५.२३ क्युसेक. पोलिसांनी गोळीबार केला आणि शेतकऱ्यांचे जीव गेले. दशांशचिन्हानंतरच्या आकड्यासाठी माणसं मरतात का, असं वाटेल. बिघ्याला दहा मिनिटं ज्याने जपली आहेत, त्याला तसं वाटणार नाही.

मे २०१८मध्ये पंजाबातल्या एका साखर कारखान्याची मळी बियास नदीत सुटली. मासे तडफडून मेले आणि तेच काळं पाणी कालव्यांतून राजस्थानापर्यंत आलं. इथलं भूजल बहुतेक ठिकाणी खारं आहे, त्यामुळे कालव्याचं पाणी हेच प्यायचंही पाणी. गावोगावी ते 'डिग्गी'त, म्हणजे बांधीव तळ्यात साठवतात. वरच्याने सोडलेलं खालच्याने प्यायचं, हा खाल्याचा नियम दोन राज्यांनाही लागू होतो. फरक एवढाच, की खाल्यावर वरचा शेजारी तोंडओळखीचा असतो. त्याच्या दारात जाऊन भांडता येतं.

याच श्रीगंगानगरात १९४१मध्ये एका शीख कुटुंबात एक मुलगा जन्मला. मोठा होऊन तो मुंबईला आला आणि आपल्या घराघरांत त्याचा आवाज पोचला. जगजीत सिंग. हे आपल्याला ठाऊक नसतं, कारण या गावांची नावं आपल्या लक्षातच राहत नाहीत. अक्षर आणि आकडा, त्यात काय लक्षात ठेवायचं?

पण तो आकडा पुन्हा एकदा बघा. चकांचे आकडे साधारणपणे शाखेच्या मुखापासून सुरू होतात आणि खाली जाताना वाढतात. ५ झेड म्हणजे वर थोडेच शेजारी. पन्नाशीच्या पुढचा आकडा म्हणजे आपल्याआधी पुष्कळांची शेतं भिजणार. वडगावच्या नावातून वड कळतो. इथे गावाच्या नावातून तुमची पाळी कळते. रात्री खाल्याकाठी फावडं घेऊन उभ्या असलेल्या माणसाला आपल्या गावाचं नाव उच्चारताना हे कुणी सांगावं लागत नाही. तो घड्याळ बघतो आणि वरच्या अंगाला, अंधारात, पाण्याची चाहूल लागते का ते ऐकत राहतो.