साथीच्या गणितातील वार्तेचा गुणक

* केर्मॅक व मॅक्केंड्रिक यांनी १९२७ साली रॉयल सोसायटीच्या कार्यवृत्तात मांडलेले, आणि मुंबई बेटावरील डिसेंबर १९०५ ते जुलै १९०६ या मुदतीतील प्लेगच्या मृत्यूंशी ताडून पाहिलेले गणित लोकसंख्येचे संसर्ग होऊ शकणारे, बाधित व साथीतून बाजूस झालेले असे तीन वर्ग करते. परंतु त्या पडताळ्यात संसर्गाचा वेग स्थिर धरलेला असल्यामुळे, साथीची वार्ता कानी पडताच माणसे गर्दी टाळू लागतात ही गोष्ट हिशेबात येत नाही. म्हणून पुढील अभ्यासकांनी, बाधितांची प्रसिद्ध झालेली संख्या जसजशी वाढेल तसतसा हा वेग घटत जातो, असे दर्शविणारा गुणक त्यास जोडला. त्यायोगे साथीचे शिखर खाली येते. मात्र पहिल्या रोग्याच्या वेळी वार्ताच नसल्याने साथ पसरू लागण्याचा उंबरठा यत्किंचितही बदलत नाही. गंगाखेड तालुक्यातील राणीसावरगावासारख्या, निजामाच्या अमदानीत मुंबई-पुण्याच्या छापखान्यांपासून दूर असलेल्या गावासाठी हे गणित मांडावयाचे, तर वर्तमानपत्राइतकेच दवंडीस व बाजारकऱ्यांच्या तोंडी खबरेस त्यात स्थान दिले पाहिजे. आणि खरी वार्ता वेळेवर पोहोचविणे हे औषधोपचाराइतकेच सरकारचे कर्तव्य मानले पाहिजे. — संपा.