गंजाशी झुंज : करवीरच्या पावसात वस्तरा कसा टिकला?

१/
पन्हाळगड, १६६०. मार्च महिन्यापासून सिद्दी जौहरचा वेढा गडाभोवती आवळलेला. जुलैमध्ये, ऐन आषाढाच्या पावसात, शिवाजी महाराज वेढ्यातून निसटून विशाळगडाकडे निघाले. परंपरा सांगते की शत्रूला चकवण्यासाठी महाराजांच्या वेशात दुसऱ्या पालखीत बसले ते नेबापूरचे शिवा काशीद. व्यवसायाने नाभिक.

२/
त्यांचे बलिदान कोल्हापूरच्या स्मृतीत आजही जिवंत आहे. त्यांच्या धोपटीतील हत्यारांविषयी मात्र इतिहास मौन पाळतो. जून ते सप्टेंबर धुक्यात आणि पावसात बुडालेल्या या मुलखात वस्तऱ्यासारखे नाजूक पोलादी हत्यार टिकवणे ही साधी गोष्ट नव्हती. ते कसे टिकवले जात होते, याचा हा मागोवा.

३/
प्रथम शत्रूची ओळख. लोखंड, पाणी आणि हवेतील प्राणवायू एकत्र आले की गंज धरतो. पात्यावर थेंब दिसलाच पाहिजे असे नाही. हवा पुरेशी दमट असली तरी पुरते. घामातील मीठ ही क्रिया वेगवान करते. दाढी करताना वस्तऱ्याला पाणी, साबण आणि घाम हे तिन्ही रोज लागतात.

४/
कोल्हापूरच्या टाऊन हॉल संग्रहालयात ब्रह्मपुरीच्या टेकडीवर सापडलेली पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची कांस्यमूर्ती आहे. सुमारे दोन हजार वर्षे ती मातीखाली टिकली. कांस्यावर चढणारा हिरवट थर बहुधा घट्ट बसतो आणि आतल्या धातूचे काही अंशी रक्षणच करतो.

५/
लोखंडाचे तसे नाही. गंज मूळ धातूपेक्षा जास्त जागा व्यापतो, फुगतो, पापुद्र्यांनी सुटतो आणि खालचा ताजा धातू पुन्हा उघडा पाडतो. म्हणूनच प्राचीन वसाहतींच्या उत्खननात लोखंडी हत्यारे अनेकदा ओळखू न येणाऱ्या तांबूस गोळ्यांच्या रूपात हाती लागतात. देवाची मूर्ती उरते, माणसाच्या हातातील हत्यार विरून जाते.

६/
वस्तऱ्याची अडचण आणखी सूक्ष्म आहे. कुऱ्हाडीवर थोडा गंज आला तरी लाकूड फुटते. वस्तऱ्याची धार मात्र केसापेक्षा कितीतरी पातळ असते. डोळ्यांना डागही दिसण्याआधी तिला बारीक खळगे पडतात आणि त्वचेवर वस्तरा ‘ओढू’ लागतो.

७/
असा खळगा घालवायचा तर त्याच्या तळापर्यंतचे पोलाद सहाणेवर घासून टाकावे लागते. म्हणजे गंज जेवढे पोलाद खातो, त्याहून अधिक सहाण खाते. दरवर्षी पाते अरुंद होत जाते आणि एका पिढीने वापरायचे हत्यार काही वर्षांतच संपते.

८/
हा प्रश्न पोटाचा होता. बारा बलुतेदारांपैकी एक असलेल्या नाभिकाला वर्षभराच्या सेवेचा मोबदला सुगीच्या वेळी धान्यरूपाने मिळे. रोख पैसा हाती क्वचितच. नवा वस्तरा घेणे सोपे नव्हते. त्यामुळे वस्तरा कोरडा ठेवणे हा कुटुंबाच्या अर्थव्यवहाराचाच भाग होता.

९/
लोखंड या मुलखाला परके नव्हते. १८८६ च्या कोल्हापूर गॅझेटिअरमध्ये विशाळगड, पन्हाळा, भुदरगड या भागांतील लोहखनिजाची नोंद आहे. सह्याद्रीच्या जंगलात धावड लोक कोळशाच्या भट्ट्यांवर लोखंड गाळत. महागलेले सरपण आणि इंग्लंडहून येणारे स्वस्त लोखंड यांनी हा उद्योग मोडकळीस आणला.

१०/
पण नुसत्या मऊ लोखंडाचा वस्तरा होत नाही. धार टिकण्यासाठी पोलादच हवे, म्हणजे लोखंडात साधारण एक टक्का कार्बन. ते लालबुंद तापवून हत्याराला ‘पाणी द्यावे’ लागते, तेव्हा पाते कठीण होते. मात्र धार कितीही उत्तम असली तरी असे साधे पोलाद गंजापुढे हतबलच असते.

११/
मग उपाय कोणता? पहिला आणि सर्वांत मोठा उपाय म्हणजे कोरडेपणा. काम संपताच वस्तरा धुऊन पुसायचा. मुठीत पाते मिटते ती खाच आणि खिळ्याचा सांधा इथे पाणी हमखास साचते. त्यामुळे पाते पुसून लगेच मिटणे घातक. थोडा वेळ ते उघडेच ठेवायला हवे.

१२/
दुसरा उपाय चामड्याचा पट्टा. त्यावर वस्तरा पालथा-उलथा फिरवला की धार सरळ होते, हे सर्वांना ठाऊक आहे. त्याच घर्षणाने धारेवर उरलेला ओलावाही पुसला जातो. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेल्या चामड्यासाठी कोल्हापूर प्रसिद्धच. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले.

१३/
गंमत अशी की जे चामडे धारेचा मित्र, तेच साठवणीत वैरी ठरते. वनस्पतींनी कमावलेल्या चामड्यात आम्ल अंश असतो आणि पावसाळ्यात ते हवेतील ओल शोषून धरते. दमट कातडी पिशवीत दिवसेंदिवस पडून राहिलेल्या वस्तऱ्यावर डाग पडणारच. धोपटीला ऊन दाखवणे म्हणूनच महत्त्वाचे.

१४/
तिसरा उपाय तेल. तेलाचा पातळ थर पाणी आणि हवा यांना धातूपासून दूर ठेवतो. पण प्रत्येक तेल सारखे नसते. जवसाचे तेल हवेत सुकून चिकट पापुद्रा धरते. करडईचेही काहीसे तसेच. खोबरेल सुकत नाही, त्यामुळे पाते स्वच्छ राहते. थंडीत ते थिजले तरी संरक्षण कमी होत नाही.

१५/
चौथा आधार म्हणजे शिकलगार. हत्यारांना झिलई आणि धार देणे हा त्यांचा पिढीजात व्यवसाय. तलवारी, दांडपट्टे, भाले त्यांच्या हाताखालून जात. १८४४ च्या गडकऱ्यांच्या उठावानंतर कोल्हापूरच्या गडांवरील शिबंदी मोडली आणि शस्त्रांचे काम आटत गेले. पुढे विळी, कात्री, सुरी, वस्तरा हेच शिकलगारांचे मुख्य काम उरले.

१६/
पावसाळा सरत असताना खंडेनवमी येते. त्या दिवशी शस्त्रांबरोबर कारागिरांची हत्यारेही घासूनपुसून पूजेत मांडली जातात. श्रद्धेचा भाग तर आहेच. पण चार ओल्या महिन्यांनंतर प्रत्येक हत्यार बाहेर काढून न्याहाळण्याचा हा वार्षिक दिवस व्यवहारातही मोलाचा ठरतो.

१७/
आता थोडे समुद्रापार. दक्षिण भारतातील ‘वूट्झ’ पोलादाचे नमुने डॉ. हेलेनस स्कॉट यांनी १७९४ मध्ये मुंबईहून लंडनला पाठवले. लंडनचे हत्यार-कारागीर जेम्स स्टोडार्ट या पोलादावर लुब्ध झाले. वस्तरे आणि शस्त्रक्रियेची हत्यारे या भारतीय पोलादाची बनवतो, अशी जाहिरातच ते करीत.

१८/
पुढे विजेच्या शोधांमुळे विख्यात झालेले मायकेल फॅरेडे याच स्टोडार्टबरोबर पोलादावर प्रयोग करू लागले. १८२० आणि १८२२ मध्ये त्यांचे निबंध प्रसिद्ध झाले. अधिक चांगली धार आणि सहज न डागाळणारा धातू ही त्यांची उद्दिष्टे होती. दक्षिणेतील पोलादाने छेडलेला प्रश्न आता प्रयोगशाळेत पोहोचला होता.

१९/
त्याचे समाधानकारक उत्तर मिळायला जवळजवळ शतक लागले. १९१३ मध्ये शेफिल्ड येथे हॅरी ब्रिअर्ली यांनी सुमारे १३ टक्के क्रोमियम असलेले पोलाद तयार केले. क्रोमियमचा अदृश्य थर ओरखडा पडला तरी पुन्हा आपोआप भरून येतो. हेच ‘स्टेनलेस स्टील’.

२०/
तरी गंजाचा वस्तऱ्याशी संबंध लगेच सुटला नाही. जिलेट यांना सुटे पाते बसवण्याच्या रेझरचे पेटंट १९०४ मध्येच मिळाले होते, पण ती पातीही साध्या पोलादाची आणि गंजणारी होती. स्टेनलेस ब्लेड बाजारात रुळले ते १९६० च्या दशकात.

२१/
सलूनमधील अखेरचा बदल गंजामुळे झाला नाही, रोगभयामुळे झाला. १९८६ मध्ये भारतात एचआयव्हीची लागण प्रथम आढळली. त्यानंतरच्या वर्षांत प्रत्येक गिऱ्हाइकासाठी नवे ब्लेड ही मागणी वाढत गेली. वस्तऱ्याचा आकार तोच राहिला; त्यात अर्धे मोडलेले ब्लेड बसू लागले.

२२/
आरोग्याच्या दृष्टीने हा बदल योग्यच होता. मात्र ब्लेड गंजण्याआधीच कचऱ्यात जाऊ लागले आणि सहाण, पट्टा, तेलाची वाटी, शिकलगाराची फेरी यांची गरज सरली. बोटाच्या स्पर्शाने धार ओळखणारे ज्ञान कुणी ग्रंथात नोंदवले नव्हते. ते हातातून हातात जात होते. हात थांबले, तशी वाटही थांबली.

२३/
अनेक घरांत आजोबांचा वस्तरा अजून ट्रंकेत असतो. तो सापडल्यास काचकागदाने खसाखसा घासू नये. तांबडा, भुसभुशीत थर म्हणजे गंज. तो तेल लावून, मुरू देऊन, मऊ कापडाने हळूहळू काढावा. काळसर, गुळगुळीत झाक ही बहुधा जुन्या पोलादाची स्थिर छटा असते. ती तशीच राहू द्यावी.

२४/
मग पाते पूर्ण कोरडे करून तेलाचा अगदी पातळ हात द्यावा आणि कातडी पिशवीऐवजी सुक्या सुती कापडात ठेवावे. पावसाळ्यात महिन्यातून एकदा उघडून पाहावे. असा जुना वस्तरा दाढीसाठी मात्र वापरू नये.

२५/
आणि मुठीजवळच्या पोलादावर नीट पाहावे. तिथे पुष्कळदा शेफिल्ड किंवा जर्मनीतील सोलिंगेनची खूण कोरलेली असते. वस्तरा कोठून आला, याचा तोच लेखी पुरावा. तो कोणी, कोणत्या गावात, किती पावसाळे सांभाळला, हे मात्र घरातील वडीलधाऱ्यांनाच विचारावे लागेल. ती नोंद पोलादावर नसते.