सेवानिवृत्त पूल

पुण्यात नव्याने आलेल्या पाहुण्याला मी एक कोडे घालतो. 'बंड गार्डन' या नावातले बंड नेमके कोणी केले? बहुतेक जण 1857 पाशी येऊन थांबतात. खरे तर तिथे बंड कुणीच केलेले नाही. तिथे नदीला बांध आहे. सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या देणगीतून 1850 च्या सुमारास तो झाला. बांधाला फारसीत 'बंद' म्हणतात. इंग्रजांनी तो शब्द उचलला आणि शेजारच्या बागेला लावला. उर्दूत कवितेच्या कडव्यालाही बंदच म्हणतात. गंमत अशी, की 'बाग' हा शब्द फारसी आणि 'पूल' हाही फारसीच. पण मराठीत ते इतके मुरले आहेत, की त्यांना कुणी त्यांचे गाव विचारत नाही.

बागेलगतचा दगडी पूल म्हणजे फिट्झजेराल्ड पूल. सर विल्यम सेमूर फिट्झजेराल्ड हे 1867 ते 1872 या काळात मुंबईचे गव्हर्नर होते, त्यांचे नाव याला मिळाले. काळ्या दगडाच्या कमानी, आणि टोकांना पंजाखाली गोळा धरलेले सिंह. हे सिंह इटलीतल्या फ्लॉरेन्स शहराच्या प्रसिद्ध मेदिची सिंहांच्या धर्तीवर घडवलेले आहेत. 12 जुलै 1961 रोजी पानशेत फुटले, तो लोंढाही या कमानींखालून गेला. पूल उभा राहिला.

मी पिंपरीचा. आमच्या पवनेचे पाणी दापोडीजवळ मुळेला मिळते, मुळा पुढे संगमावर मुठेला भेटते आणि मग ते सारे या पुलाखालून जाते. आणखी एक धागा आहे. 9 ऑगस्ट 1942 रोजी मुंबईत अटक झालेल्या गांधीजींना रेल्वेने आणून चिंचवड स्टेशनवर उतरवले आणि तिथून मोटारीने आगाखान पॅलेसमध्ये नेले. तो पॅलेस नदीच्या पलीकडच्या तीरावर, नगर रस्त्याला आहे. महादेवभाई आणि कस्तुरबा तिथून परत आले नाहीत. या बागेलाही आता महात्मा गांधींचेच नाव आहे.

लहानपणी अब्बांनी मला या बागेत प्रथम आणले. अब्बा कारखान्यात फिटर होते. रविवारी दुपारी लोकलने पुणे स्टेशन, तिथून पायी. तेव्हा पुलावरून ट्रक, बस, टांगे, सायकली सगळेच जात. मी सिंहाकडे बघत होतो, अब्बा मात्र कठड्यावर हात ठेवून उभे. ट्रक गेला की तळव्याला काय जाणवते, ते बघत होते. म्हणाले, "बेटा, मशीन बिघडी तो आवाज करती. पुलाला जुबान नई रहती. उसकू देखना पडता."

अठ्ठावन्नाव्या वर्षी अब्बा रिटायर झाले. कंपनीने हार घातला, नारळ दिला, घड्याळ दिले. या पुलाचेही पुढे तसेच झाले. शेजारी नवा पूल आला आणि जुन्यावरची वाहने थांबली. महापालिकेने त्याची डागडुजी करून तो पायी फिरणाऱ्यांसाठी राखला.

गेल्या वर्षीच्या पावसाळ्यात मी पुन्हा तिथे गेलो. त्याला कारण होते. 15 जून 2025, रविवार. तळेगावजवळ कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीसह कोसळला. चार माणसे गेली, कितीतरी जखमी झाली. पूल धोकादायक असल्याचा फलक तिथे होता. नव्या पुलाचे काम मंजूर होते, पण तो उभा राहिला नव्हता. आमच्या पिंपरी-चिंचवडची माणसे पावसाळी रविवारी कुंडमळ्याला जातातच. त्याच पुलावर मीही मुलांना घेऊन उभा राहिलो आहे. मागून कुणीतरी मोटारसायकल आणली, तेव्हा पूल हलला होता. मुले हसली, मीही हसलो. अब्बांसारखा कठड्यावर हात ठेवून बघितले नाही. फलक वाचला होता की नाही, तेही आठवत नाही.

महाडला 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री सावित्रीवरचा इंग्रजी अमदानीतला दगडी पूल पुरात गेला. दोन एसटी बस प्रवाशांसह वाहून गेल्या. तो पूलही कमानींचाच, आणि फिट्झजेराल्डपेक्षा वयाने कितीतरी लहान. म्हणजे दगड की लोखंड, जुने की नवे, हा प्रश्न नाहीच. पुलाचे वय कुणी मोजले, आणि त्याला वेळेवर मोकळे कुणी केले, हा प्रश्न आहे. शेजारी दुसरा पूल उभा केल्याशिवाय पहिल्याला सुटी देता येत नाही. पलीकडे ज्याचे शेत आहे, तो नुसता फलक वाचून घरी बसू शकत नाही.

बंड गार्डनच्या पुलावर त्या दिवशी दोन म्हातारे गप्पा मारत होते, एक मुलगी सिंहाचा फोटो काढत होती. खाली पाणी गढूळ आणि भरपूर होते. मी कठड्यावर हात ठेवला. शेजारच्या नव्या पुलावरून ट्रक धडधडत गेला. माझ्या हाताखालचा दगड मात्र स्वस्थ होता. रविवारी दुपारी चहा पिऊन अंगणात खुर्ची टाकून बसलेल्या अब्बांसारखा.